दिल्ली शंभर, सिरसौली एकोणऐंशी

गुणवंत टिपणीस यांना कुणी विचारलं, 'तुमचं ऑफिस नक्की करतं तरी काय?' की ते आधी समोरच्याकडे जरा दयेने बघत आणि मग म्हणत, 'आम्ही शहरांचे भाव काढतो.' ऐकणारा चपापे, कारण दिल्ली विकायला काढलीय की काय, असं त्याला क्षणभर वाटून जाई. पण त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागल्या अंगाला एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते कार्यालय होतं, आणि कुठल्या गावात रस्ता, गटार, पाण्याची टाकी केवढ्याला पडते हे ठरवणं एवढंच त्याचं काम होतं. त्यासाठी दिल्लीला शंभर धरायचं. एखादं गाव नव्वद निघालं, तर दिल्लीत शंभर रुपयांत होणारं गटार तिथे नव्वदात झालं पाहिजे, आणि केंद्राचं अनुदानही त्याच हिशेबाने मिळणार. या आकड्याला निर्देशांक म्हणत आणि तो टिपणिसांच्या टेबलावर तयार होई.

दिल्लीलाच शंभर का, हा प्रश्न बाहेरच्यांना पडे. आतल्यांना तो पडत नसे, कारण कार्यालय दिल्लीत होतं. दिल्लीचा भाव बाजारात जाऊन कुणी विचारल्याचं मात्र कुणालाच आठवत नव्हतं. शंभर हा शंभरच असतो, त्याला विचारायचं काय?

टिपणीस मूळचे रोह्याचे. नोकरीला लागले आणि दिल्लीत आले ते आलेच. पुढे पुढे हा शंभराचा रोग त्यांच्या अंगात इतका मुरला की मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसले तरी ते आमटीला पंच्याऐंशी आणि मसालेभाताला एकशे दोन देऊन मोकळे होत. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी आईच्या पुरणपोळीला शंभर धरून बायकोच्या पोळीला त्र्याण्णव दिले होते. 'मग शंभराकडेच जात जा जेवायला,' असं उत्तर मिळालं आणि स्वयंपाकघराचा निर्देशांक त्या दिवसापासून बंद पडला.

गावोगावचे भाव गोळा करण्याचा नियम कागदावर अगदी सोपा होता. बाजारातली तीन दुकानं फिरायची, विटा, वाळू, सिमेंट, पाईप आणि मिस्त्रीची मजुरी विचारायची आणि सरासरी दिल्लीला पाठवायची. प्रत्यक्षात कुठे मागच्या वर्षीच्या आकड्याला थोडं तिखटमीठ लावून तोच पुढे सरकवला जाई, तर कुठे तिन्ही दुकानं एकाच मेव्हण्याची असत. ज्या गावच्या कार्यालयाला जीप होती ती गावं हटकून महाग निघत. जीप दारात उभी राहिली की वीटसुद्धा भाव खाते, असं टिपणीस म्हणत. एका वर्षी एका गावची जीप बिघडली आणि तिथले साहेब सायकलवरून बाजारात गेले, तर ते गाव एकाएकी स्वस्त झालं. त्याची कारणं शोधायला वरून समिती नेमली गेली. समितीला जीप दिलेली होती.

टिपणिसांना या सगळ्याचा मनापासून संताप येई. 'भाव म्हणजे सांगितला तो नव्हे, पटला तो,' हे त्यांचं तत्त्व होतं. दुकानदार तोंडाने वाटेल ते म्हणेल, ज्या आकड्याला तो गोणीला हात घालतो तो खरा. म्हणून दिल्लीजवळचं एक गाव त्यांनी मुद्दाम स्वतःकडे मागून घेतलं. गुडगावच्या पुढे, मानेसरच्या अलीकडे सिरसौली नावाचा कसबा होता. मानेसरला तेव्हा मोटारींचे कारखाने यायचे होते आणि सगळीकडे मोहरी पिकत होती. टिपणीस बसने गेले, पायी बाजारात शिरले आणि पेन्सिल काढून त्यांनी सिमेंटचा भाव विचारला. पहिल्या दुकानदाराने त्यांना सेल्सटॅक्सवाले समजून थंड लस्सी मागवली. दुसऱ्याने शटर खाली ओढलं. तिसरा म्हणाला की दुकान त्याचं नाहीच, तो नुसता सावलीला बसलाय.

पेन्सिलवाल्या एकट्या पुरुषाला या देशात कुणी खरा भाव सांगत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्या खेपेला ते बायकोला बरोबर घेऊन गेले. नवराबायको विटांचा भाव विचारतायत म्हणजे घर बांधतायत, त्यात संशयाला जागा नव्हती. युक्ती नामी होती. तिच्यात एकच गोष्ट जमेस धरायची राहून गेली, ती म्हणजे चंद्रप्रभाबाई.

चंद्रप्रभाबाई सांगलीच्या. अंगाने काटकुळ्या, आवाजाने खणखणीत आणि बाराही महिने हातात छत्री. भाव ऐकला आणि तो खाली आणला नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. हा चिकटपणा नव्हे. सांगितल्या भावाला वस्तू उचलणं त्यांना उद्धटपणाचं वाटे, समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचीही आपली इच्छा नाही असं दाखवल्यासारखं. त्यांचं हिंदी इतक्या वर्षांनंतरही सांगलीहून निघालेलं नव्हतं. 'भैया, उगाच क्यूँ चढवता है? जरा बेतात बोलो ना,' असं त्या म्हणत. त्यातलं निम्मं दुकानदाराला कळत नसे आणि न कळलेलं त्याला जास्त गंभीर वाटे. त्यातूनही तो बधला नाही, तर त्या नवऱ्याला 'चला हो' म्हणून पायरी उतरत, आणि चौथ्या पावलाला मागून हाक येई.

सिरसौलीच्या वीटभट्टीचा मालक चौधरी रिसालसिंह हा दारासारखा रुंद, हुक्का ओढणारा माणूस. त्याच्याशी त्या अर्धा दिवस भांडल्या. मध्येच त्याच्या घरची बाजरीची भाकरी खाल्ली, तीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, विटा कच्च्या असल्याचं सांगितलं आणि त्याला त्याने कधी स्वप्नातही न बघितलेल्या भावावर आणून ठेवलं. चौधरी हरला, पण त्यांना बसपर्यंत पोचवायला आला. मोठी बहीण सासरी गेल्यापासून आपल्याला असं कुणी झापलं नव्हतं, असं तो भरल्या आवाजात म्हणाला आणि तेव्हापासून त्या त्याच्या बहनजी झाल्या.

टिपणिसांनी तत्त्वाप्रमाणे पटलेले भाव लिहिले. सिरसौली एकोणऐंशी निघाली. उभ्या उत्तर भारतात एवढं स्वस्त गाव दुसरं नव्हतं. कार्यालयाच्या प्रमुख श्रीमती विजयालक्ष्मी या मद्रासच्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या, बारीकसारीक बघणाऱ्या बाई. त्यांनी टिपणिसांना बोलावून घेतलं, ही खरी फील्ड-मेथड म्हणाल्या आणि सगळ्या शाखांना परिपत्रक काढलं. टिपणिसांची छाती त्या आठवड्यात एकशे दहा होती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा रामकृष्णपुरममधलं सरकारी क्वार्टर सोडून जायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. सिरसौलीला येऊनजाऊन ओळखी झालेल्या, तिथेच एक छोटा प्लॉट घेतला आणि चौधरीच्या विटांचं, चंद्रप्रभाबाईंच्या भावाचं घर उभं राहिलं. पण बाईंची एक अट होती आणि ती त्यांनी पाया खणण्याआधीच सांगितली होती. दारातलं गटार झाकलेलं असलं पाहिजे. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत बरीच वर्षं ते मुनिरक्यात एका भाड्याच्या खोलीत राहिले होते. खिडकीखाली उघडं गटार होतं. त्यांची मुलगी कुमुद तिथे तान्ही असताना दुखणाईत पडली ती महिनाभर. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि डॉक्टर काहीच धड बोलेना. पोर वाचली. पण त्या दिवसांत बाईंनी खिडकी लावून घेऊन भर उन्हाळ्यात तिला मांडीवर घेऊन काढलेल्या दुपारी त्या विसरल्या नव्हत्या, आणि टिपणीसही विसरले नव्हते. त्यामुळे या अटीवर त्यांनी कधी वाद घातला नाही.

तसा वाद घालायचं कारणही नव्हतं. केंद्राच्या योजनेत सिरसौलीच्या सीवरलाइनला मंजुरी मिळालेली होती. घराला रंग लागायच्या आत गल्लीत पाईप पडतील, असं सगळे म्हणत. घराला रंग लागला. तो उडायलाही लागला. गल्लीतलं पाणी मात्र पूर्वीसारखं उघड्यावरून, ज्याला जसं सुचेल तसं वाहत राहिलं.

टिपणीस चौकशीला तिथल्या ओव्हरसियरकडे गेले. त्या बिचाऱ्याने तीनदा टेंडर काढलं होतं आणि तीनदा पेटी रिकामी निघाली होती. अनुदान आलंय एकोणऐंशीच्या हिशेबाने, तो म्हणाला, आणि एवढ्यात नुसता खड्डा खणून होईल, पाईप ठेकेदाराने सासऱ्याकडून आणायचे. मग तो टिपणिसांच्या बाजूला झुकला आणि जवळच्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "दिल्ली में कोई बड़ा साहब बैठा है जी, कूलर के सामने. बाज़ार की शकल नहीं देखी ज़िंदगी में. उसने लिख दिया उन्नासी."

या बाजारात भर उन्हात, बसचे धक्के खात, टिपणीस किती वेळा आले होते ते त्यांचं त्यांना माहीत. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. ते 'बिल्कुल' म्हणाले आणि ओव्हरसियरने पुढे केलेला चहा पिऊन उठले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. चंद्रप्रभाबाईंना आधी अभिमान वाटला. अख्ख्या हिंदुस्थानात आपलं गाव सगळ्यात स्वस्त, आणि तुम्ही मध्येच पाकीट काढलं नसतंत तर मी पंचाहत्तरवर आणलं असतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांचे भाजी निवडणारे हात थांबले.

"म्हणजे ते गटार मीच अडवून धरलंय?"

बाईंनी जिंकलेली प्रत्येक लढाई आता त्यांच्याच दारात तुंबून उभी होती.

दुसऱ्या दिवशी टिपणीस विजयालक्ष्मी मॅडमपुढे उभे राहिले. सिरसौलीचा आकडा थोडा कमी पडलाय, तो वाढवून घ्यावा, असं त्यांनी चाचरत सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. आकडा असा मागितल्यावर वाढत नसतो, त्या म्हणाल्या, त्यातून तुमचं घर त्याच गावात आहे. फेरपाहणी मात्र करता येईल. पण तुलना व्हायची तर पद्धत तीच हवी, दुकानं तीच हवीत आणि भाव विचारणारी माणसंही तीच. म्हणजे मिसेस टिपणीस हव्यातच. परिपत्रकातच तसं आहे, आणि परिपत्रकाचा आधार कोण, तर मिस्टर टिपणीस.

तेव्हा आता एकच मार्ग उरला होता. चंद्रप्रभाबाईंनी बाजारात जायचं, भाव ऐकायचा आणि गप्प बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. घरात त्याची तालीम सुरू झाली. कुमुद तेव्हा कॉलेजात होती. ती जन्मापासून दिल्लीची. तिला घासाघीस या शब्दाचा अर्थ सांगावा लागे, पण घासाघीस दिसली की ओळखू येई. ती पलंगावर मांडी घालून दुकानदार झाली आणि सिमेंटचा भाव सांगू लागली.

"आई, तू फक्त 'अच्छा' म्हणायचं. बस. पुढे काही नाही यार."

बाई 'अच्छा' म्हणाल्या, आणि श्वास घेऊन, 'पण एवढा कसा?' तालीम पुन्हा पहिल्यापासून. अखेर त्यांनी स्वतःच उपाय काढला. दुकानात शिरताना दाढेखाली अख्खी सुपारी धरायची.

ठरल्या दिवशी दोघं सिरसौलीच्या बाजारात उतरली. सिमेंटवाल्याने त्यांना येताना बघितलं आणि हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. टिपणिसांनी भाव विचारला. त्याने सांगितला. चंद्रप्रभाबाई सुपारी धरून उभ्या राहिल्या, चेहरा शांत, नजर समोरच्या गोण्यांवर. दुकानदार वाट बघत राहिला. ही बाई बोलत नाही, याचा अर्थ आज ती भयंकर चिडलीय, असं त्याने धरलं. दोन रुपये कमी केले. बाई गप्प. त्याने गल्ला उगाच उघडला, बंद केला आणि आणखी तीन उतरवले. बाईंच्या डोळ्यांत आता पाणी आलं होतं, सुपारीने की कशाने ते त्याला कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्याने हातच जोडले आणि मागच्या खेपेपेक्षाही खालचा भाव सांगून, नाराज होऊ नका, असं विनवलं. पाईपवाल्याकडेही हाच प्रकार झाला, फक्त त्याने वर चहा पाजला.

राहता राहिली वीटभट्टी. तिथे रिसालसिंहाने भाव सांगायचीच तसदी घेतली नाही. बहनजींचा जो जुना तोच, उलट घर झाल्याच्या आनंदात त्यातूनही थोडे कमी, असं तो म्हणाला. तेव्हा मात्र चंद्रप्रभाबाईंनी सुपारी थुंकली आणि जन्मात कधी केलं नाही ते केलं.

"भाईसाब, इतना कम क्यूँ बोलते? उगाच खुद का नुकसान मत करो. दो रुपया जादा बोलो."

चौधरीने हुक्का बाजूला केला. बाईंनी आणखी जोर लावला. समोरचा भट्टीवाला केवढ्याला देतो ते आम्हाला माहीत आहे, तो तुमच्यापेक्षा जास्त मागतो, तुम्ही काय त्याच्याहून हलके? चौधरी म्हणाला, बहिणीकडून नफा घेऊन मी कुठल्या विहिरीचं पाणी पिऊ? बाई म्हणाल्या, निदान एक रुपया. चौधरी म्हणाला, आता आठ आणे आणखी कमी. त्या वर ओढत होत्या आणि तो खाली, आणि दोघांचेही आवाज चढत गेले. अखेर सवयीने बाईंच्या तोंडून 'चला हो' निघून गेलं. चौधरी घाबरला. त्याने शेवटचा, रडवेला भाव सांगून टाकला, आणि तो आजवरचा सर्वांत कमी होता.

परतीच्या बसमध्ये टिपणिसांनी मनातल्या मनात सरासरी काढली. शहात्तर. खिडकीतून मोहरीची पिवळी शेतं मागे जात होती.

"नव्वद लिहा," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "कोण बघायला येतंय?"

कुणीच येणार नव्हतं, हे टिपणिसांना बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. इतकी वर्षं जीपवाल्यांचे आणि मेव्हणेवाल्यांचे आकडे त्यांच्याच टेबलावरून गेले होते, कुणी बघायला आलं नव्हतं. बायकोची अट त्यांना पाठ होती, मुनिरक्यातली ती खिडकीही आठवत होती, आणि हातात पेन्सिल होती.

"अगं, जन्मभर मी त्या जीपवाल्यांना हसलो," ते एवढंच म्हणाले.

त्यांनी शहात्तर लिहिलं. चंद्रप्रभाबाई त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढलं जाई, पण त्याबरोबर येणारं एक वाक्य येत नसे. पाचव्या दिवशी सकाळी त्या छत्री घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, शहात्तरला मिळतं हे खरं आहे ना? मग शहात्तरला ते मीच करून दाखवते.

सिरसौलीत एक महिला मंडळ होतं. ते भजनासाठी रजिस्टर झालेलं होतं, पण रजिस्टर होतं हे महत्त्वाचं. चंद्रप्रभाबाईंनी त्याच्या नावाने टेंडर भरलं. चौथ्या वेळी पेटीत कागद सापडला, तेव्हा ओव्हरसियरने तो उलटासुलटा करून बघितला आणि रिकाम्या पेटीचा जबाब लिहायचा कंटाळा आल्यामुळे मंजूर करून टाकला. मग गल्लीत सबंध हिवाळा खणाखणी चालली. बाई पहाटे दिल्लीहून पहिल्या बसने येत, चर खणणाऱ्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या राहत आणि दुपारी पाईपवाल्याचं दुकान गाठत. विटा चौधरीने बहिणीच्या भावाने दिल्या आणि उतार बघायला ओव्हरसियर स्वतः सुट्टीच्या दिवशी आला. होळीच्या आत गल्लीतलं पाणी जमिनीखालून वाहू लागलं. टिपणीस निवृत्त झाले त्या महिन्यात सामान सिरसौलीला आलं. चंद्रप्रभाबाईंनी उंबऱ्यावरचं माप ओलांडायचं तेवढं बाकी ठेवलं, नाहीतर तो थाट नव्या नवरीचाच होता.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सरकारात चांगलं काम घडलं की त्याचा अहवाल लिहावा लागतो. मॅडमनी तो लिहिला. एका कसब्यात शहात्तरमध्ये सीवर प्रत्यक्ष होऊन दाखवली गेली, तेव्हा बाकीची गावं ऐंशी-नव्वद मागतात ती कशाच्या जोरावर, असा त्यात बिनतोड सवाल होता. वरच्यांना तो फारच पसंत पडला. त्याला 'सिरसौली नमुना' असं नाव मिळालं. टिपणिसांच्या निरोपसमारंभात त्यांना शाल मिळाली ती याच नमुन्याबद्दल. त्यांनी ती खुशीने पांघरली. भट्टीवाल्याची बहीण, सुपारी, ओव्हरसियरची सुट्टी, यातलं काही अहवालात नव्हतं. ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे टिपणिसांनाही सांगता आलं नसतं.

पुढे कुमुदचं लग्न झालं. जावई विश्वास एका बँकेत नोकरीला, शांत, सरळ मुलगा. यमुनेपलीकडे, दिल्लीची हद्द संपल्यावर लागणाऱ्या हरनंदपुरी नावाच्या नव्या वसाहतीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या. नातीच्या बारशाला टिपणीस पतिपत्नी पहिल्यांदाच तिथे गेली. बारसं झालं, पाहुणे पांगले, आणि पाळणा जरा वाऱ्याला घ्यावा म्हणून चंद्रप्रभाबाईंनी खिडकी उघडली.

खाली उघडं गटार होतं. काळं, भरलेलं, कडेला डास.

त्यांनी खिडकी लावून घेतली. हे झाकत का नाहीत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा विश्वासने कुमुदकडे पाहिलं आणि तो पाणी आणायला आत गेला. सांगायचं काम कुमुदवर आलं.

"आई, मंजूर आहे गं कधीचं. पण टेंडरला कोणी येतच नाही. रेट लावलाय सत्त्याहत्तरचा." तिने पाळण्याला झोका दिला. "ते तुमच्याच गावचं मॉडेल आहे ना, त्याच्यावरून."

चंद्रप्रभाबाई टिपणिसांकडे वळल्या. इथे बाजारात कोण फिरलं, खरा भाव किती निघाला, असं त्यांनी विचारलं. टिपणिसांना उत्तर माहीत होतं. ऑफिसातल्या लोकांनीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं.

"आता कुणी फिरत नाही," ते म्हणाले. "सिरसौलीवरून काढतात सगळं."

आपला आकडा खरा होता, याची टिपणिसांना त्या दुपारी पहिल्यांदा लाज वाटली. एखादा मेव्हणेवाला त्यांच्या जागी असता आणि त्याने बसमध्ये नव्वद लिहिलं असतं, तर या खिडकीखाली आज पाईप पडलेला असता. खरं बोलल्याबद्दल माणसाला शिक्षा होते हे त्यांनी ऐकलं होतं, पण ती नातीच्या वाट्याला येते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चंद्रप्रभाबाई पाळण्यापाशी गेल्या. त्यांनी पोरीच्या पापण्या अंगठ्याने हलकेच खाली ओढून डोळे निरखून पाहिले. पांढरे स्वच्छ होते. पोर रडायला लागली, तिला थोपटून त्यांनी दुपटं सारखं केलं.

"अहो, एवढ्या गावांना मी एकटी कुठे पुरी पडू?" त्या म्हणाल्या.

त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि पाणी घेऊन आलेल्या विश्वासला विचारलं, इकडे सीवरचे पाईप कुठे मिळतात. टिपणिसांनी खिशातली पेन्सिल काढून कोनाड्यात ठेवली आणि चपला घालून ते बायकोच्या मागून जिना उतरले.